दोरीचे दुसरे टोक



२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यातील मोहालीची कसोटी तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकण्यासाठी २१६ धावा हव्या होत्या आणि आपले आठ गडी १२४ धावांवर तंबूत परतले होते. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची पाठ इतकी दुखत होती की पळणे त्याला अशक्य झाले होते. म्हणून सुरेश रैना त्याचा रनर म्हणून उभा राहिला. समोरच्या टोकाला होता ईशांत शर्मा, ज्याच्याकडून फलंदाजीची अपेक्षा कोणीच करत नव्हते. या दोघांनी ८१ धावा जोडल्या. ईशांत ३१ धावांवर बाद झाला, मग प्रग्यान ओझा आला आणि भारत एका गड्याने जिंकला. लक्ष्मण ७३ वर नाबाद राहिला. रैनाच्या पायांनी पळून काढलेल्या धावा लक्ष्मणच्या नावावर लागल्या आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

पुढच्याच वर्षी, २०११ च्या ऑक्टोबरपासून, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये रनर घेणे बंद झाले. आपल्या मैदानावरच्या रविवारच्या सामन्यांत मात्र आजही रनर घेतात आणि त्यावरून भांडणेही होतात. मिस्सा संपल्यावर अर्ध्या तासात ज्या मोठ्या आवाजात ती भांडणे होतात, तेवढ्या आवाजात मिस्सातील गायन झाले तर काय बहार येईल! असो.

खेळाचा दाखला देऊन केलेली प्रवचने आपण सर्वांनी ऐकली आहेत. जिद्द सोडू नका, घाम गाळा, पडलात तरी उठा, यश तुमचेच आहे. हे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. या प्रवचनांतला खेळाडू नेहमी एकटा असतो. तो एकटा पहाटे उठतो, एकटा पळतो, एकटाच जिंकतो. खऱ्या मैदानावर असे फारसे घडत नाही. आणि श्रद्धेच्या वाटेवर तर, माझ्या मते, असे कधीच घडत नाही. आज मला तुमच्याशी अशा धावकांविषयी बोलायचे आहे, ज्यांचा खेळच मुळी एकट्याने खेळता येत नाही.

पॅरालिम्पिक स्पर्धांमध्ये दृष्टिहीन धावकांच्या शर्यती असतात. ज्यांना अजिबात किंवा जवळजवळ अजिबात दिसत नाही, त्यांच्या गटाला टी-११ म्हणतात. या गटातील प्रत्येक धावकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते. एखाद्याला उजेडाचा थोडा भास होत असेल तर त्याचा फायदा त्याला मिळू नये आणि सगळे सारख्याच अंधारात धावावेत, म्हणून हा नियम. प्रत्येकाच्या शेजारी एक डोळस धावक असतो, त्याला गाईड म्हणतात. दोघांच्या हातांत एकाच छोट्या दोरीची दोन टोके असतात. दोरी जेमतेम फूटभर, ताणली न जाणारी. धावपट्टीवर प्रत्येक जोडीला दोन रांगा लागतात, म्हणून आठ रांगांच्या मैदानावर १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आठ नव्हे, चारच धावक असतात.

आता याचे नियम नीट ऐका. गाईडने धावकाला ओढायचे नाही. ढकलायचेही नाही. दोघांनी शेवटच्या रेषेपर्यंत दोरी सोडायची नाही. आणि रेषा पार करताना धावक पुढे असला पाहिजे, गाईड मागे. गाईड आधी पोहोचला तर दोघेही बाद.

क्रिकेटमधला रनर तुमच्याऐवजी पळतो, तुम्ही उभे राहता. गाईड तुमच्याऐवजी पळत नाही, तुमच्याबरोबर पळतो. पाय तुमचे, श्वास तुमचा, घाम तुमचा. डोळे मात्र त्याचे.

अमेरिकेचा डेव्हिड ब्राऊन लहानपणीच्या आजारामुळे हळूहळू पूर्ण आंधळा झाला. २०१४ साली त्याने १०० मीटर अंतर १०.९२ सेकंदांत कापले. ११ सेकंदांच्या आत धावणारा तो पहिला पूर्णतः दृष्टिहीन धावक. २०१६ साली रिओ येथे त्याने सुवर्णपदक मिळवले. त्याचा गाईड होता जेरोम एव्हरी. हा एव्हरी स्वतः उत्तम धावक. अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघात जागा मिळवण्यासाठी त्याने धडपड केली होती. ती जागा त्याला मिळाली नाही. मग त्याने आपला वेग दुसऱ्याच्या स्वाधीन केला. आपल्या देशाची सिमरन शर्मा हिनेही २०२४ साली पॅरिस येथे २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. तिला थोडे दिसते, तिचा गट टी-१२. तिच्या शेजारी दोरी धरून अभय सिंग धावत होता. टीव्हीवर ती शर्यत तुम्ही पाहिली असेल तर दोघांचे पाय आठवा. डावा-उजवा असा एकच ताल. दोन माणसे पळत आहेत की एक, हे क्षणभर कळत नाही.

हे सगळे पाहताना आपण गाईडचे कौतुक करतो. किती त्याग, किती निःस्वार्थीपणा! ते योग्यच आहे. पण मला विचाराल तर अधिक अवघड काम धावकाचे आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून, पुढे भिंत आहे की वळण हे माहीत नसताना, केवळ शेजारच्या माणसाच्या शब्दावर संपूर्ण वेगाने पाऊल टाकायचे! अंधारात आपण घरातल्या घरात चालतानाही हात पुढे करून चाचपडतो. दृष्टिहीन माणसाने हळू चालणे स्वाभाविक आहे. वेगाने धावायचे असेल तर एकच उपाय आहे: दोरीच्या दुसऱ्या टोकावर विश्वास.

आणि इथेच आपले घोडे अडते. मदत करायला आपण तयार असतो. मदत घ्यायला मात्र आपल्या जिवावर येते. 'कुणाचे मिंधे व्हायला नको' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते आणि ते आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. नोकरी गेलेला तरुण दोन-दोन महिने सकाळची नेहमीची गाडी पकडतो, कारण शेजाऱ्यांना कळता कामा नये. नवऱ्याच्या पिण्याने गांजलेली बाई जपमाळेच्या प्रार्थनेला हसतमुखाने येते आणि कुणी विचारलेच तर 'सगळे ठीक आहे' म्हणते. गुडघे गेलेले आजोबा घरी बसून टीव्हीवर मिस्सा पाहतात. शेजारच्या मुलाच्या गाडीत जागा आहे, पण 'त्याला कशाला त्रास?' मुलाला त्रास होत नाही हो, त्याला तर कुणी विचारलेलेच नाही!

पूर्वी आपल्याकडे लग्नघरी सारी आळी कामाला लागत असे. मंडप कुणी घालायचा, कुणी निवडायचे, कुणी वाढायचे, हे सांगावे लागत नसे. आता केटरर येतो. त्यात वाईट काही नाही, आयाबायांच्या पाठीला थोडा आराम मिळाला हे चांगलेच झाले. पण पैसे मोजून घेतलेल्या मदतीत मिंधेपणा नसतो आणि म्हणून आपल्याला ती सोपी वाटते. हळूहळू विकत न घेतलेली मदत स्वीकारण्याची सवयच मोडते. ही सवय मोडलेल्या माणसाला परमेश्वराची कृपा स्वीकारणे जड जाते असे माझे निरीक्षण आहे. कारण कृपेलाही किंमत मोजता येत नाही. ती फुकट घ्यावी लागते.

धावण्याच्या शर्यतीची उपमा पवित्र शास्त्रात सर्वात जास्त कोणाला आवडते? संत पौलाला. करिंथकरांना लिहिताना तो सांगतो की शर्यतीत सगळेच धावतात, पण बक्षीस एकाला मिळते. आणि खेळाडू नाशवंत मुकुटासाठी सर्व बाबतींत संयम पाळतो. करिंथच्या लोकांना हे लगेच समजत होते. त्यांच्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत असत. त्या खेळांतील विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, चार दिवसांत सुकून जाणारा. पौल करिंथ येथे दीड वर्ष राहिला आणि तंबू शिवण्याचे काम करून पोट भरत होता. त्या खेळांची चर्चा त्याच्या कानावर रोज पडत असणार.

पण हा धावपटू ख्रिस्ती जीवनात प्रथम आला तेव्हा कसा आला? धावत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय काढून पाहा. दिमिष्कच्या वाटेवर शौल जमिनीवर पडला. उठला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण त्याला काही दिसत नव्हते. त्याच्या सोबत्यांनी त्याचा हात धरून त्याला शहरात नेले. ज्या शहरात तो लोकांना बेड्या घालायला निघाला होता, त्या शहरात तो दुसऱ्याचा हात धरून शिरला. तीन दिवस तो आंधळाच होता. त्याने काही खाल्ले-प्यायले नाही. मग प्रभूने हनन्याला पाठवले, जो त्याला घाबरत होता आणि घाबरायला कारणही होते. तरीही हनन्या आला, त्याने त्याच्यावर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली.

परमेश्वराला पौलाची दृष्टी त्याच रस्त्यावर, त्याच क्षणी परत देता आली नसती का? आली असती. पण त्याने ते एका घाबरलेल्या माणसाच्या हातून करवले. आणि गोष्ट इथेच संपत नाही. बरेच दिवस लोटल्यावर पौलाच्या जिवावर बेतले, शहराच्या वेशींवर पहारे बसले. तेव्हा शिष्यांनी रात्रीच्या वेळी त्याला टोपलीत बसवून तटावरून खाली सोडले. डोळ्यांपुढे आणा: ख्रिस्तसभेचा थोर प्रेषित एका टोपलीत अंग चोरून बसला आहे, आणि त्याचा जीव तटावर उभ्या असलेल्या, नावे ठाऊक नसलेल्या माणसांच्या मनगटांवर अवलंबून आहे. त्यांतील एकानेही पकड सोडली असती तर आज आपल्या मिस्सात वाचायला त्याची पत्रे नसती.

आता पुन्हा मैदानावर येऊ. गाईडने धावकाला ओढायचे नाही, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. एकाच दोरीने सोबत करता येते आणि त्याच दोरीने फरफटतही नेता येते. फरक फक्त दोघांना कळतो. आपल्या घरांत हा नियम किती मोडला जातो! मुलाच्या हातात दोरी दिली, पण टोक ओढणारे आपणच. त्याने कोणते कॉलेज निवडावे, कोणाशी बोलावे, दृढीकरणाच्या वर्गाला का जावे, सगळे ओढून. तो रेषेपर्यंत पोहोचतोही. पण धावला कोण? गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल प्रथम सांगतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच ओळींनंतर म्हणतो की प्रत्येकाने आपला भार स्वतःच वाहावा. वाचणाऱ्याला वाटते, हा माणूस स्वतःचेच म्हणणे खोडतो आहे. गाईड आणि धावकाला विचारा, त्यांना यात काहीच विरोध दिसणार नाही.

व्यसनाच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जाणारे बंधू आपल्याला सांगू शकतील. तिथली पहिली पायरी हीच की हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातले राहिलेले नाही असे मान्य करणे. मग त्याच वाटेने गेलेला दुसरा माणूस शेजारी उभा राहतो. तो तुमची बाटली फोडायला येत नाही. तुमच्याऐवजी तो व्यसन सोडू शकत नाही. पण रात्री अकराला फोन केला तर तो उचलतो. पवित्र आत्मासुद्धा आपल्याशी असाच वागतो असे मला वाटते. तो कोणाला फरफटत स्वर्गात नेत नाही.

रेषेवर गाईडने मागे राहायचे, या नियमाबद्दल फार सांगायला नको. योहान बाप्तिस्ता यार्देनच्या काठी हेच करत होता. स्वतः मागे सरून त्याने आपल्या शिष्यांना येशूच्या मागे जाऊ दिले. आपल्यातल्या ज्यांना प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोत मध्यभागी उभे राहण्याची हौस आहे, त्यांनी याचा विचार करावा. त्यात आम्ही धर्मगुरूही आलो.

पण २०२४ च्या पॅरिसमधील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. ८ सप्टेंबर, स्पर्धेचा शेवटचा दिवस, दृष्टिबाधित महिलांची मॅरेथॉन. स्पेनची एलेना कोंगोस्त तिसऱ्या क्रमांकावर धावत होती. २०१६ साली रिओ येथे याच शर्यतीत तिने सुवर्णपदक जिंकले होते. त्यानंतर ती चार मुलांची आई होऊन मैदानात परतली होती. ४२ किलोमीटर संपत आले, रेषा समोर, आणि मागच्या धावकात व तिच्यात तीन मिनिटांहून अधिक अंतर. कांस्यपदक हातात आल्यासारखेच होते. इतक्यात तिच्या गाईडच्या पायात गोळे आले. त्याला चालवेना, तो कोसळण्याच्या बेतात होता. एलेनाने क्षणभर दोरी सोडली आणि त्याला आधार देण्यासाठी हात पुढे केला. दोन-चार सेकंदांची गोष्ट. मग दोघांनी पुन्हा दोरी धरली आणि रेषा पार केली.

तिला बाद ठरवण्यात आले. नियम स्पष्ट होता: रेषेपर्यंत दोरी सोडायची नाही. त्या दिवशी तिसरे स्थान जपानच्या मिसातो मिचिशिता हिला देण्यात आले. निर्णयावर पुढे बराच वाद झाला. मी पंचांना दोष देणार नाही. दोरीच्या नियमाला सूट देत गेले तर त्या खेळात कोणाचीच खात्री राहणार नाही. मिचिशिताही तितकेच अंतर धावली होती. पण शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस समोर आला तेव्हा येशूने काय केले, हे आपल्याला माहीत आहे. काही क्षण असे असतात की हात पुढे होतो, हिशेब नंतर.

लंडनच्या २०१२ च्या स्पर्धेतही असेच काहीसे घडले होते. ब्राझीलची तेरेझिन्या गिल्हेर्मिना ४०० मीटरची अंतिम शर्यत धावत असताना तिचा गाईड पडला. ती पुढे गेली नाही. तिनेही स्वतःला धावपट्टीवर झोकून दिले. त्याच स्पर्धेत त्याच गाईडसोबत तिने १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले.

मला या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट लागते. गाईडलाही गोळे येतात. आपण असे धरून चालतो की मदत करणारा माणूस न थकणारा असतो. आपल्या धर्मग्रामात किती घरांत कोणीतरी अंथरुणाला खिळलेले आहे, हे घरभेटीत दिसते. आपण भेटायला जातो, रुग्णाची चौकशी करतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो. चांगले करतो. पण चहाचा कप घेऊन येणाऱ्या सुनेकडे किंवा मुलीकडे कोण पाहते? तीन वर्षे तिने रात्रीची सलग झोप घेतलेली नाही. तिला कोणी विचारत नाही, कारण ती उभी आहे. जो उभा आहे त्याला आधाराची गरज नाही असे आपण समजतो. तीच गोष्ट मतिमंद मुलाच्या आईची. तीच आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या त्या एका कार्यकर्त्याची, ज्याच्या गळ्यात गेली कित्येक वर्षे सगळी कामे पडली आहेत. त्याच्या पायात गोळे येतील तेव्हा आपल्याला कळेल, आणि तेव्हा आपण म्हणू, 'अरे, हा मिस्साला का दिसत नाही?'

प्रत्यक्ष प्रभूलाही कालवारीच्या वाटेवर आधार घ्यावा लागला. शिमोन कुरेनेकराला शिपायांनी बळजबरीने पकडून आणले, तो काही आपखुशीने आला नव्हता. तरीही येशूने त्याचा खांदा नाकारला नाही. क्रुसाच्या वाटेच्या पाचव्या स्थानापाशी आपण दरवर्षी गुडघे टेकतो. देवाच्या पुत्राने एका अनोळखी शेतावरून येणाऱ्या माणसाची मदत घेतली, हे स्थान आपण जरा घाईने ओलांडतो असे वाटते.

आता श्रद्धेबद्दल. काही जण पापनिवेदनाला येऊन सांगतात की फादर, माझ्याकडून प्रार्थना होत नाही. ओठ हलतात, आत काहीच नसते. कुणाचे मूल गेलेले असते, कुणाला मनाच्या आजाराने घेरलेले असते, कुणाला कारणही सांगता येत नाही. अशा वेळी 'तुमची श्रद्धा कमी पडते आहे, ती वाढवा' असे सांगणे म्हणजे पट्टी बांधलेल्या माणसाला 'नीट बघून चाल' असे सांगण्यासारखे आहे. मी त्यांना संत मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचायला सांगतो. कफर्णहूम येथील ते घर, दारापर्यंत भरलेली गर्दी, आणि पक्षघात झालेल्या माणसाला खाटेवर घालून आणणारे चौघे. आत जाता येईना म्हणून ते छपरावर चढले, छप्पर उसकटले आणि खाट खाली सोडली. पुन्हा टोपलीसारखेच, पुन्हा मनगटांवर भिस्त! आणि मार्क सांगतो की येशूने त्यांची श्रद्धा पाहिली. त्यांची, म्हणजे आणणाऱ्यांची. खाटेवरचा माणूस त्या संपूर्ण प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. त्याची स्वतःची श्रद्धा किती होती, होती की नव्हती, हे शुभवर्तमान आपल्याला सांगत नाही. त्याला पापांची क्षमा मिळाली, तो उठला, आपली खाट उचलून घरी गेला.

म्हणून, ज्यांना सध्या प्रार्थना करता येत नाही त्यांनी रविवारी फक्त येऊन बसावे. श्रद्धांगीकार म्हणताना तुमचे ओठ थांबले तर शेजारच्या बाकावरची आजी म्हणते आहे. तिचा आवाज बेसूर असेल, पण त्या आठवड्यापुरता तो तुमचाही आवाज आहे. पुढे कधीतरी तिची रात्र येईल, तेव्हा तुम्ही म्हणाल. ख्रिस्तसभा म्हणजे दुसरे काय आहे? बाळाचा स्नानसंस्कार होतो तेव्हा ते बाळ कुठे बोलते? आईबाप आणि धर्म-मातापिता त्याच्या वतीने बोलतात आणि आपण कुणी म्हणत नाही की हे बाळ मिंधे झाले.

पौलाचे शेवटचे पत्र म्हणून ओळखले जाणारे तीमथ्याचे दुसरे पत्र घ्या. चौथ्या अध्यायात तो आपल्या आवडत्या उपमेकडे परत येतो: आपली शर्यत आपण पूर्ण केली आहे आणि आता मुकुट ठेवलेला आहे. अंत्यविधीच्या वेळी हे वचन आपण कितीदा ऐकतो. पण वाचन तिथे थांबते आणि पत्र थांबत नाही. पुढच्याच ओळींत हा धाव संपवलेला म्हातारा कैदी काय लिहितो? की लवकर ये. बाकीचे निघून गेले, लूक तेवढा माझ्याजवळ आहे. येताना मार्कला बरोबर आण. त्रोवस येथे कार्पाकडे माझा झगा राहिला आहे तो घेऊन ये, आणि पुस्तकेही. आणि शेवटी पुन्हा एकदा, हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. म्हणजे त्याला थंडी वाजत होती. एवढा मोठा प्रेषित, त्याला अंगावर घ्यायला गरम कपडा हवा होता आणि तो मागताना त्याला कमीपणा वाटला नाही. ज्या मार्कला बरोबर आणायला तो सांगतो, त्याच्यावरून पौलाचे आणि बर्णबाचे एकेकाळी कडाक्याचे भांडण झाले होते. आता त्याला तोच मार्क हवा आहे.

तर, काही व्यवहाराचे. आजारपणामुळे किंवा वयामुळे ज्यांना चर्चमध्ये येता येत नाही, त्यांना घरी पवित्र ख्रिस्तप्रसाद नेण्याची सोय आहे. 'फादरांना कशाला त्रास' असा विचार करून नाव न दिलेले काही जण आहेत हे मला माहीत आहे. त्यांच्या घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी आज मिस्सानंतर साक्रिस्तीत नाव द्यावे. ज्यांच्या गाडीत रविवारी सकाळी एखादी जागा मोकळी असते त्यांनीही तिथेच सांगावे. कोणाला आणायचे ते आपण जुळवून देऊ. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाजवळ आठवड्यातून एक दुपार बसू शकेल, म्हणजे घरच्या बाईला दोन तास बाहेर पडता येईल, अशी माणसेही हवी आहेत. आणि जिला ते दोन तास हवे आहेत, तिने स्वतः येऊन सांगितले तर फार बरे होईल. आज साक्रिस्तीचे दार दुपारी एकपर्यंत उघडे आहे.